चाप जड का लागतो?

अमेरिकेत हरणाच्या शिकारीचा हंगाम सुरू झाला की शंभर वर्षांहून जुनी एक रचना आजही जंगलात हमखास दिसते: लिव्हर-अ‍ॅक्शन रायफल. चापाभोवतीची (म्हणजे ट्रिगरभोवतीची) लिव्हर खाली ओढून पुन्हा वर घेतली की रिकामं काडतूस बाहेर पडतं, नवं आत जातं आणि मागचा घोडा, म्हणजे आदळून बार उडवणारा भाग, ताणला जाऊन अडकतो. जॉन ब्राउनिंग यांनी रचलेली विंचेस्टर 1894 आणि 1948 साली आलेली मार्लिन 336 ही यातली सर्वांत प्रसिद्ध नावं. एकट्या विंचेस्टर 94 चंच उत्पादन सत्तर लाखांच्या वर गेलं. इतक्या लाडक्या रायफलींबद्दल एक तक्रार मात्र पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येते, ती म्हणजे चाप फार जड लागतो.

कारखान्यातून आलेल्या अशा रायफलीचा चाप अडीच-तीन किलोंचा असणं, म्हणजे तो ओढायला तेवढा जोर लागणं, नवलाचं नाही. विंचेस्टर 94 ची आखूड नळीची कार्बाइन स्वतःच साधारण तीन किलोंची असते. म्हणजे एकट्या तर्जनीनं जवळजवळ अख्ख्या रायफलीच्या वजनाइतका जोर लावायचा, आणि रायफल मात्र जराही हलू द्यायची नाही. बोटाचा जोर कधीच नेमका सरळ मागे जात नाही, थोडा बाजूलाही जातो. नेम धरायच्या पुढच्या आणि मागच्या खुणांमध्ये अर्ध्या मीटरचं अंतर धरू. मागची खूण जागच्या जागी राहून पुढची फक्त एक मिलिमीटर सरकली, तर शंभर मीटरवर गोळी 20 सेंटीमीटर बाजूला जाते. हरणाच्या छातीतला मर्मभाग साधारण एवढ्याच रुंदीचा असतो. नेम चुकला की जनावर जखमी होऊन पळतं आणि झाडीत तडफडत मरतं. म्हणून हा विषय मला निव्वळ हौसेचा वाटत नाही.

आता आत डोकावू. घोड्याच्या बुडाशी एक खाच असते. सीअर नावाच्या छोट्या पोलादी तुकड्याची धार त्या खाचेत बसते आणि जोरकस मुख्य स्प्रिंगनं पुढे ढकललेल्या घोड्याला अडवून धरते. चाप ओढला की ही धार खाचेतून घसरत बाहेर येते आणि घोडा सुटतो. म्हणजे बोट मुख्य स्प्रिंगशी थेट झुंजतच नाही. ते झुंजतं एकमेकांवर दाबल्या गेलेल्या दोन पोलादी पृष्ठभागांमधल्या घर्षणाशी. सीअरला जागी परत ढकलणारी छोटी स्प्रिंग त्यात आपली भर घालते.

गिओम आमोंतों या फ्रेंच संशोधकानं 1699 साली मांडलेला नियम इथे उपयोगी पडतो: घर्षण हे पृष्ठभाग किती जोरानं दाबले गेलेत यावर अवलंबून असतं, ते किती क्षेत्रफळावर टेकलेत यावर नाही. अनेकांना वाटतं की खाच उथळ केली की चाप हलका होईल. तसं होत नाही. चापाला सरकावं लागणारं अंतर तेवढं कमी होतं, बल जवळपास तेच राहतं, आणि धक्क्यानं घोडा सुटण्याचा धोका मात्र वाढतो.

एक हिशेब मांडू. आकडे केवळ समजण्यासाठी. खाचेवर 200 न्यूटनचा दाब आहे आणि चापाच्या तरफेमुळे बोटाला त्याच्या एक तृतीयांशच बल लावावं लागतं, असं धरा. खरखरीत पृष्ठभागाचा घर्षणांक 0.3 असेल तर घर्षण 60 न्यूटन, आणि बोटाला 20 न्यूटन, म्हणजे साधारण दोन किलोंचा जोर. तेच पृष्ठभाग गुळगुळीत करून वंगण दिलं आणि घर्षणांक 0.15 वर आला, तर एक किलो. स्प्रिंगला हातही न लावता निम्मं वजन गेलं!

दुसरा मोठा घटक खाचेचा कोन. खाच जरा आतल्या बाजूला झुकलेली असेल तर सीअर बाहेर येताना घोड्याला आणखी किंचित मागे रेटतो, म्हणजे बोट चोरून मुख्य स्प्रिंगही दाबत असतं. वरच्याच हिशेबात 5 अंशांच्या झुकावानं सुमारे 600 ग्रॅमची भर पडते. हा झुकाव अगदीच काढून टाकावा का? नाही. तो उलट्या बाजूला गेला तर घोडा स्वतःच सीअरला बाहेर ढकलू लागतो, आणि अशी रायफल हातात धरणंसुद्धा धोक्याचं.

तरी लोक आधी हात घालतात तो मुख्य स्प्रिंगलाच. ती सौम्य केली की खाचेवरचा दाब घटतो, हे खरं. पण त्याच स्प्रिंगच्या जोरावर घोडा आघात-पिनेवर आदळतो आणि काडतुसाच्या बुडातला प्राइमर, म्हणजे दारू पेटवणारी ठिणगी देणारा भाग, पेटतो. ठोसा अपुरा पडला तर बार फुसका जातो. कडाक्याच्या थंडीत आतलं ग्रीस घट्ट होतं, तेव्हा ही शक्यता आणखी वाढते.

खाच आणि सीअर कानशीनं घासणं तर त्याहून वाईट. असे भाग पुष्कळदा फक्त वरच्या पातळ थरात कठीण केलेले असतात. तो थर कापला गेला की खालचं मऊ पोलाद उघडं पडतं, झिजत जातं, आणि आज ठीक वाटणारा कोन काही काळानं बदललेला असतो. जाणते गनस्मिथ, म्हणजे बंदुका दुरुस्त करणारे कारागीर, कोन राखून अतिशय बारीक दगडानं फक्त खरखर काढतात.

या खरखरीचा परिणाम वजनापलीकडचा आहे. स्थिर घर्षण हे चालत्या घर्षणापेक्षा जास्त असतं, त्यामुळे खडबडीत सीअर पावसाळ्यात फुगलेल्या लाकडी ड्रॉवरसारखा अडकत, झटके देत सरकतो. प्रत्येक झटक्याला बोट दचकतं. म्हणूनच दोन किलोंचा, पण काच तुटल्यासारखा स्वच्छ सुटणारा चाप दीड किलोंच्या खरखरीत चापापेक्षा हलका वाटतो. माझ्या मते सुधारणा करताना ग्रॅम मोजण्याआधी हेच पाहावं.

नेमबाजीच्या स्पर्धांत चाप अतिहलका नसावा म्हणून काही प्रकारांत किमान वजन ठरवून दिलेलं आहे: 10 मीटर एअर पिस्तुलासाठी 500 ग्रॅम, 25 मीटर पिस्तुलासाठी 1000 ग्रॅम. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी 2018 च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकलं ते याच दुसऱ्या प्रकारात. तपासणीची रीत सोपी आहे. नळी उभी धरून चापाला ठरलेलं वजन लटकवतात, आणि ताणलेला चाप ते वजन पेलून धरतो का ते बघतात.

शिकारीच्या रायफलीला दीड ते दोन किलो पुष्कळ झाले. काम झाल्यावर गनस्मिथ रायफल रिकामी असल्याची खात्री करतो, घोडा ताणतो, दस्ता रबरी चटईवर आपटून पाहतो आणि घोड्याला अंगठ्यानं मागून रेटतो. घोडा जरासाही घसरला तर ते भाग काढून नवे बसवतो.