स्वतःच्याच कलमाने हरलेला हुकूमशहा

५ ऑक्टोबर १९८८. चिलीत दिवसभर मतदान झालं होतं आणि मतपत्रिकेवर प्रश्न एकच होता: जनरल ऑगुस्तो पिनोशे यांना आणखी आठ वर्षं राष्ट्राध्यक्ष ठेवायचं का? हो की नाही. संध्याकाळी सरकारने मोजक्या केंद्रांचे आकडे जाहीर केले, त्यांत 'हो' पुढे होतं. मग आकडे येणं रेंगाळलं. विरोधकांचे प्रतिनिधी मात्र केंद्रोकेंद्री बसले होते, त्यांची स्वतःची मोजणी समांतर चालू होती आणि तिच्यात 'नाही'ची आघाडी वाढत चालली होती. उशिरा रात्री हवाई दलाचे प्रमुख फर्नांडो मथेई ला मोनेदा या राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादात शिरत असताना पत्रकारांनी त्यांना गाठलं. 'नाही' जिंकल्याचं आपल्याला पुरेसं स्पष्ट दिसतंय, असं ते जाता जाता सांगून मोकळे झाले. मथेई यांनी पुढे सांगितलं त्यानुसार, आत पिनोशे यांनी विशेषाधिकार स्वतःकडे घेणारा मसुदा सेनाप्रमुखांपुढे ठेवला होता. त्यावर सही करायला मथेई यांनी साफ नकार दिला.

मथेई काही लोकशाहीचे वारकरी नव्हते. १९७८ पासून ते याच राजवटीच्या चार सेनाप्रमुखांपैकी एक होते. राज्यशास्त्राच्या दृष्टीने खरी मौज इथेच आहे. हुकूमशाहीतून लोकशाहीकडे जाताना दार उघडणारा आणि दार अडवणारा बरेचदा एकाच टोळीतला असतो; कधी कधी तर तो एकच माणूस असतो.

आता मुळातला प्रश्न. पिनोशे यांना हे मतदान घ्यायला कोणी सांगितलं होतं? त्यांच्याच १९८० च्या राज्यघटनेने. आठ वर्षांनी सेनाप्रमुखांनी एक उमेदवार द्यायचा, जनतेने हो किंवा नाही म्हणायचं आणि 'नाही' आलं तर वर्षभरात खुली निवडणूक घ्यायची, असं त्या घटनेच्या संक्रमणकाळासाठीच्या कलमांत लिहिलं होतं. १९८० मध्ये हे लिहायला काय जात होतं? ती घटना मंजूर करून घेणारं सार्वमतही मतदारयाद्यांशिवायच उरकलं होतं. जुन्या याद्या लष्कराने सत्ता घेतल्यावर नष्ट करून टाकल्या होत्या. तेव्हा सरकारी आकडा आला होता ६७ टक्के. असा विजय खिशात असलेल्या माणसाला आठ वर्षांनंतरचं मतदान म्हणजे मुदतवाढीचा अर्ज वाटला, तर नवल नाही.

पण त्या घटनेला दुसरी बाजू होती. भूदल, नौदल, हवाई दल आणि पोलीस यांच्या प्रमुखांना एकमेकांचा पुरता भरवसा नव्हता. सगळी सत्ता एकट्या पिनोशे यांच्या मुठीत जाऊ नये, यासाठी नियम कागदावर हवे होते. हुकूमशहा एकटा कधीच नसतो. त्याच्या भोवतीच्या माणसांना जनतेपासून जेवढं संरक्षण हवं असतं, तेवढंच त्याच्यापासूनही हवं असतं. या नियमांच्या रखवालीसाठी घटना न्यायाधिकरण नेमलं गेलं आणि १९८५ मध्ये त्यानेच सरकारला खिंडीत पकडलं. १९८८ चं सार्वमत स्वतंत्र निवडणूक न्यायालयाच्या देखरेखीशिवाय उरकायचा सरकारचा बेत होता. न्यायाधिकरणाने तो घटनाबाह्य ठरवला. त्यापाठोपाठ मतदारयाद्या आल्या, केंद्रांवर विरोधकांचे प्रतिनिधी आले आणि दूरचित्रवाणीवर दोन्ही बाजूंना रोज रात्री पंधरा-पंधरा मिनिटं मिळाली. २७ दिवस हा खेळ चालला. इतकी वर्षं ज्यांचा चेहरा पडद्यावर दिसला नव्हता, ती माणसं इंद्रधनुष्याचं चिन्ह घेऊन घरोघरी पोचली. माझ्या मते चिलीच्या कथेतला कळीचा दिवस मतदानाचा नाही, न्यायाधिकरणाच्या १९८५ च्या निकालाचा आहे. पण न्यायालयाच्या निकालाचे फोटो निघत नाहीत.

तरीही आपणच जिंकणार, असं पिनोशे यांना का वाटत होतं? याचं उत्तर अर्थशास्त्रज्ञ तिमुर कुरान यांच्या एका कल्पनेत सापडतं. भीतीच्या राज्यात लोक मनातलं मत आणि चारचौघांतलं मत वेगवेगळं ठेवतात. आपल्याकडे गावच्या सोसायटीच्या निवडणुकीत एकाच्या पंगतीला जेवून दुसऱ्याला मत देणारे असतात, तसंच. फक्त इथे पंगतीऐवजी तुरुंग असतो. राजवट जितकी कडक, तितकी तिला खरी बातमी कमी मिळते. जरब बसवली की विरोध दिसेनासा होतो, पण आपल्याला नेमका पाठिंबा किती, हेही त्याच वेळी दिसेनासं होतं. या कोंडीला अभ्यासक 'हुकूमशहाचा पेच' म्हणतात. मतं मोजली तेव्हा 'नाही'कडे जवळपास ५६ टक्के निघाली.

अशी चूक करणारे पिनोशे एकटे नाहीत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतले राज्यशास्त्रज्ञ डॅनियल ट्राइसमन यांनी १८०० पासूनची लोकशाहीकरणाची उदाहरणं तपासली. त्यांच्या मते सुमारे दोन तृतीयांश वेळा सत्ताधाऱ्यांनी लोकशाही निवडलेली नव्हती; ती टाळण्याच्या खटपटीतच त्यांचा अंदाज चुकला आणि पकड सुटली. कोणी हरणारी निवडणूक लावली, कोणी नको तिथे गोळीबार केला, कोणी सुधारणांना तोंड फोडलं आणि लोंढा आवरेना. आपल्याकडे १८ जानेवारी १९७७ ला आणीबाणीतच इंदिरा गांधींनी निवडणूक जाहीर केली, त्यामागचं कारण काय यावर अजूनही वाद झडतात. जगातली अब्रू, घराण्याचा वारसा, की गुप्तचर खात्याने रंगवलेलं गुलाबी चित्र? वृत्तपत्रांचं तोंड बंद केल्यावर देशाची नाडी कळायची कशी, हा प्रश्न मात्र कुठल्याही उत्तरात शिल्लक राहतो. मार्चमध्ये रायबरेलीतून त्या स्वतःही पडल्या.

उरलेल्या एक तृतीयांशात विचारपूर्वक टाकलेली पावलंही आहेत. त्यांतलं सगळ्यात चतुर पाऊल दक्षिण कोरियातलं. १० जून १९८७ ला सत्ताधारी पक्षाने रो ते-वू यांना राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार केलं. ते लष्करशहा चुन दू-ह्वान यांचे लष्करी अकादमीपासूनचे मित्र आणि १९७९ च्या बंडातले साथीदार. निवड अप्रत्यक्ष पद्धतीने व्हायची होती, म्हणजे निकाल ठरलेलाच. त्याच दिवशी देशभर निदर्शनं पेटली. वर्षाच्या सुरुवातीला एका विद्यार्थ्याचा पोलिसांच्या छळात मृत्यू झाला होता आणि तो दडपण्याची धडपड उघडकीला आली होती. ९ जूनला आणखी एका विद्यार्थ्याच्या डोक्यात अश्रुधुराचं नळकांडं लागलं. आता रस्त्यावर विद्यार्थ्यांच्या जोडीला कचेरीतले पांढरपेशेही उतरले. पुढच्या वर्षी सोलला ऑलिम्पिक होतं आणि जगाची नजर तिथे लागलेली. २९ जूनला रो यांनी आठ कलमी घोषणा केली. राष्ट्राध्यक्षाची थेट निवडणूक, राजकीय कैद्यांची सुटका, वृत्तपत्रस्वातंत्र्य. आंदोलकांच्या जवळपास सगळ्या मुख्य मागण्या त्यात होत्या.

घोषणा ऐकून ही शरणागती वाटली. डिसेंबरमधले आकडे पाहा: रो ३६.६ टक्के, विरोधी नेते किम यंग-साम २८ आणि किम दे-जुंग २७. दोन्ही किम मिळून सहज जिंकले असते, पण ते मिळणार नाहीत हा होरा खरा ठरला. अर्थव्यवस्था वर्षाला दहा टक्क्यांहून अधिक वेगाने वाढत होती, त्याचं श्रेय पक्षाला मिळत होतं. डॅन स्लेटर आणि जोसेफ वाँग या अभ्यासकांचं म्हणणं असं की काही राजवटी कमकुवत झाल्या म्हणून नमत नाहीत. अजून बळ शिल्लक असताना, उताराची चाहूल लागताच नमतात. तैवानमध्ये राष्ट्राध्यक्ष च्यांग चिंग-कुओ यांनी हेच केलं. एकेकाळी गुप्त पोलीस ज्यांच्या हाताखाली होते, त्याच च्यांग यांनी १५ जुलै १९८७ ला ३८ वर्षांचा मार्शल लॉ उठवला; सोबतीला नवा राष्ट्रीय सुरक्षा कायदा मात्र आणून ठेवला. त्यांच्या पक्षाने राष्ट्राध्यक्षपद सोडलं ते थेट २०००मध्ये.

म्हणजे नेत्याचं गणित दोन आकड्यांवर उभं असतं. निवडणूक झाली तर मी हरेन याची शक्यता किती, आणि हरलो तर माझं काय होईल? पहिल्या आकड्याची चर्चा फार होते. मला दुसरा जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण पायउतार झालेल्या लष्करशहाला कोणी कितीही शब्द दिला तरी तो पाळला जाईलच असं नाही. सत्ता गेल्यावर तो शब्द पाळायला लावणारी ताकदही जाते. चुन यांचं तेच झालं. १९८८ मध्ये त्यांना डोंगरातल्या बौद्ध मठात जाऊन राहावं लागलं आणि १९९६ मध्ये १९७९ चं बंड आणि ग्वांगजू शहरात लष्कराने केलेलं निदर्शकांचं हत्याकांड याबद्दल फाशीची शिक्षा झाली. पुढे ती जन्मठेपेवर आली आणि १९९७ च्या अखेरीस माफी मिळाली. ती मिळाली तेव्हा नवे राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आलेले होते किम दे-जुंग, ज्यांना चुन यांच्याच काळात मृत्युदंड सुनावला गेला होता.

पिनोशे शब्दावर विसंबले नाहीत. त्यांनी आणि त्यांच्या माणसांनी सगळ्या खिळ्या कायद्यातच ठोकून ठेवल्या. १९९० मध्ये विरोधकांचे पात्रिसिओ आयल्विन राष्ट्राध्यक्ष झाले तरी सिनेटमध्ये नऊ सदस्य नेमलेले होते. मतदारसंघ दोन जागांचे केले होते आणि पहिल्या आघाडीला दुसरीच्या दुप्पट मतं पडली तरच दोन्ही जागा मिळत. म्हणजे एक तृतीयांशाहून थोडी जास्त मतं असली की निम्म्या जागा पदरात. पिनोशे स्वतः १९९८ पर्यंत लष्करप्रमुख राहिले. मे १९९३ मध्ये लष्कराने त्यांच्या मुलाला दिलेल्या धनादेशांचं प्रकरण पुन्हा तापलं, तेव्हा काळ्या टोप्या घातलेले सैनिक राजधानीत भर दिवसा शस्त्रांसह उभे राहिले. सरकारला इशारा कळला.

या खिळ्यांशिवाय ते हटले असते का? मला शंका आहे. खिळ्या असल्यामुळे पुढच्या पिढीला किती मोजावं लागलं, हेही उघड आहे. नेमलेले सिनेटर २००५ च्या घटनादुरुस्तीने गेले. दोन जागांची पद्धत २०१५ मध्ये रद्द झाली आणि नव्या पद्धतीने पहिली निवडणूक २०१७ मध्ये झाली. पिनोशे यांना सत्तेवरून उतरवणारी १९८० ची घटना बदलण्यासाठी २०२२ आणि २०२३ मध्ये दोन नवे मसुदे मतदारांपुढे आले, पहिला डावीकडे झुकलेला, दुसरा उजवीकडे. मतदारांनी दोन्ही फेटाळले. अनेक दुरुस्त्या पोटात घेऊन जुनीच घटना अजून चालू आहे.