लॅपटॉपचं वायफाय कार्ड आणि ड्रायव्हरची दुखणी

लॅपटॉपमधला वायफाय अडॅप्टर, म्हणजे दुकानात ज्याला सगळे नुसतं 'वायफाय कार्ड' म्हणतात ते, हा मशीनच्या पोटात बसवलेला साधारण २२ मिलिमीटर रुंद आणि ३० मिलिमीटर लांब असा चिटुकला बोर्ड असतो, आणि ड्रायव्हर म्हणजे त्या बोर्डाशी कसं बोलायचं हे विंडोजला किंवा लिनक्सला शिकवणारं सॉफ्टवेअर. या दोघांत एक तिसराही असतो ज्याचं नाव कोणी घेत नाही, तो म्हणजे फर्मवेअर. हे कार्डाच्या स्वतःच्या चिपवर चालतं आणि बऱ्याच कार्डांत मशीन चालू झाल्यावर ड्रायव्हरच ते आत भरतो. तिघांपैकी कोणीही रुसलं तरी वापरणाऱ्याला दिसणारं लक्षण एकच, 'नेट चालत नाहीये', आणि सगळी गडबड तिथेच होते, कारण मग राउटर बंद-चालू करणं, कंपनीला फोन लावणं, शेजाऱ्याचा पासवर्ड मागणं सगळं होतं पण कार्डाकडे कोणी बघत नाही. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

म्हणून पहिला प्रश्न हा की अडलंय नेमकं कुठे. मशीनला कार्ड दिसतच नाही ही एक गोष्ट, दिसतंय पण ड्रायव्हर नाही ही वेगळी, ड्रायव्हर आहे पण एकही नेटवर्क दिसत नाही ही अजून वेगळी, आणि नेटवर्कला जोडलं जातं पण पान उघडत नाही याचा तर बहुतेक वेळा कार्डाशी संबंधच नसतो. याची चाचणी सोपी आहे, मोबाइल त्याच वायफायवर टाकून बघा. मोबाइलवर चालतंय आणि लॅपटॉपवर नाही तरच पुढचं वाचण्यात अर्थ आहे.

कार्ड आणि त्याचा आधार नंबर

वायफायचं मूळ ८०२.११ हे स्टँडर्ड १९९७ चं, वेग जेमतेम २ मेगाबिट. तेव्हा लॅपटॉपमध्ये वायफाय आतून यायचंच नाही, बाजूच्या खाचेत पत्त्यासारखं पीसीएमसीआयए कार्ड सरकवायचं आणि त्याचा अर्धा इंच तुकडा बाहेर राहायचा. २००३ च्या मार्चमध्ये इंटेलने सेंट्रिनो आणलं, प्रोसेसर, चिपसेट आणि वायफाय एकत्र, आणि त्यानंतर आत वायफाय असणं हे गृहीतच धरलं जाऊ लागलं. आतली खाच बदलत गेली, आधी मिनी पीसीआय, मग मिनी पीसीआय एक्सप्रेस, आता एम डॉट टू.

आता गंमत अशी की एकाच मॉडेलच्या दोन लॅपटॉपमध्ये दोन वेगळ्या कंपन्यांची कार्डं असू शकतात, कंपनीला त्या महिन्यात जे स्वस्त मिळालं ते. त्यामुळे लॅपटॉपचं नाव टाकून ड्रायव्हर शोधला की चुकीचा मिळायची शक्यता बरीच. कार्डाची खरी ओळख म्हणजे हार्डवेअर आयडी, त्याचा आधार नंबरच म्हणा. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या डिव्हाइसवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, आणि तिथल्या यादीत हार्डवेअर आयडीज. पहिला भाग बनवणाऱ्याचा असतो, ८०८६ दिसलं की इंटेल (हा आकडा त्यांनी मुद्दाम आपल्या जुन्या प्रोसेसरवरून घेतलेला), १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम, १०ईसी रिअलटेक, १६८सी अथेरॉस, १४सी३ मीडियाटेक. दुसरा भाग चिपचा. एवढं मिळालं की अर्धं काम झालं, आणि ड्रायव्हर लॅपटॉप कंपनीच्या किंवा चिप कंपनीच्या साइटवरूनच घ्यायचा. ते 'एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर अपडेट' म्हणणारे फुकटचे प्रोग्राम असतात ना, त्यांच्यापासून लांब राहिलेलं बरं, एक ड्रायव्हर टाकून सोबत चार पाहुणे घेऊन येतात.

विंडोजवर

डिव्हाइस मॅनेजरमधलं पिवळं त्रिकोणी चिन्ह सगळ्यांनी बघितलेलं असतं पण त्यावर डबल क्लिक करून आतला कोड फार कमी लोक वाचतात. कोड २८ म्हणजे ड्रायव्हर टाकलेलाच नाही. २२ म्हणजे कोणीतरी डिव्हाइस डिसेबल केलंय, एनेबल करा, संपलं. १० म्हणजे ड्रायव्हर आहे पण डिव्हाइस सुरू होत नाहीये. ४५ म्हणजे पूर्वी होतं आता जोडलेलं दिसत नाही, हा कोड 'शो हिडन डिव्हाइसेस' केल्यावर दिसतो आणि तो दिसला की ड्रायव्हर कितीही टाका, उपयोग शून्य, कारण मशीनला कार्डच सापडत नाहीये.

कोड १० आणि कोड ४५ साठी एक उपाय आहे जो ऐकायला मंत्र-तंत्र वाटतो पण चालतो बऱ्याचदा: मशीन पूर्ण बंद करायचं, चार्जर काढायचा, बॅटरी निघत असेल तर काढायची, आणि पॉवर बटण तीसेक सेकंद दाबून धरायचं. बोर्डावर उरलेली वीज निघून जाते, कार्ड अडकलेल्या अवस्थेतून सुटतं. आणि 'पूर्ण बंद' यातच मेख आहे. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप नावाचं प्रकरण आलं, म्हणजे शटडाउन केलं तरी विंडोज आतला भाग डिस्कवर जपून ठेवतं आणि दुसऱ्या दिवशी तेच परत उचलतं, ड्रायव्हर बिघडलेला असेल तर बिघडलेल्या अवस्थेतच. रिस्टार्टला मात्र सगळं खरंच नव्याने सुरू होतं. म्हणजे आपल्याला वाटतं रोज रात्री बंद करतोय, पण खरं बंद व्हायचं तर शिफ्ट दाबून शटडाउन करायचं नाहीतर ते फास्ट स्टार्टअप कंट्रोल पॅनलमधून काढून टाकायचं. ज्यांच्या मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही आहेत त्यांना तर हे काढावंच लागतं, नाहीतर विंडोज कार्ड अशा अवस्थेत सोडून जातं की लिनक्सला ते उठवताच येत नाही.

झाकण बंद करून परत उघडलं की वायफाय गायब, ही दुसरी नेहमीची तक्रार. इथे डिव्हाइसच्या प्रॉपर्टीजमध्ये पॉवर मॅनेजमेंटचा टॅब असतो, त्यात वीज वाचवायला हे डिव्हाइस बंद करायची परवानगी दिलेली असते, तो टिकमार्क काढायचा. काही नव्या मशीनवर हा टॅब दिसतच नाही, तो तुमचा दोष नाही. आणि कालपर्यंत छान चालत होतं, रात्री अपडेट झालं आणि सकाळी बंद पडलं असं असेल तर नवीन ड्रायव्हर शोधत बसू नका, ड्रायव्हर टॅबमध्ये 'रोल बॅक ड्रायव्हर' आहे, जुन्यावर परत जा. नवं ते सोनं हे ड्रायव्हरच्या बाबतीत खरं नाही. नेटवर्क रिसेट हे बटण मात्र शेवटी वापरायचं, ते सगळे साठवलेले पासवर्ड आणि व्हीपीएनसुद्धा साफ करतं.

सगळ्यात वैताग आणणारी अवस्था म्हणजे नव्याने विंडोज टाकल्यावरची. वायफायचा ड्रायव्हर नाही म्हणून नेट नाही, नेट नाही म्हणून ड्रायव्हर उतरवता येत नाही, आणि विंडोज ११ चा सेटअप तर नेटशिवाय पुढे सरकूच देत नाही. पूर्वी एक कमांड टाकून ती पायरी चुकवता यायची, २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने तीही काढायला घेतली. यावरचा घरगुती उपाय म्हणजे मोबाइल. अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू केलं की लॅपटॉपला तो लॅनच्या वायरीसारखा दिसतो, वायफायचा ड्रायव्हर लागतच नाही. आयफोनचं जरा अवघड, त्याला आधी ॲपलचा ड्रायव्हर लागतो.

लिनक्सवर, आणि ब्रॉडकॉमची जुनी कथा

ज्यांनी २००६ ते २०१२ च्या दरम्यान लॅपटॉपवर उबुंटू टाकून बघितलंय त्यांना ब्रॉडकॉम हे नाव ऐकलं की अजून कपाळाला आठी पडते. बीसीएम४३११, ४३१२, ४३१८ ही कार्डं तेव्हाच्या स्वस्त-मध्यम लॅपटॉपमध्ये सर्रास असायची आणि कंपनीने ना लिनक्सचा उघडा, म्हणजे आतला कोड कोणालाही बघता येईल असा ड्रायव्हर दिला ना चिपची माहिती. मग लोकांनी काय केलं, एनडीआयएसरॅपर नावाचं एक जुगाड वापरलं ज्यात चक्क विंडोज एक्सपीचा ड्रायव्हर लिनक्समध्ये बसवायचा. चालायचा पण कधी कोलमडेल सांगता यायचं नाही. दुसरीकडे काही जणांनी चिकाटीने उलटा अभ्यास केला, एका गटाने ड्रायव्हर उसवून चिप कशी वागते ते लिहून काढलं आणि दुसऱ्या गटाने फक्त ते वाचून नवा ड्रायव्हर लिहिला, म्हणजे नक्कल केली असं कोणी म्हणू नये. तो २००६ मध्ये कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, २.६.१७ या आवृत्तीत आला, आणि २००८ च्या सुरुवातीला २.६.२४ मध्ये त्याची जागा बी४३ या ड्रायव्हरने घेतली.

तरी पंचाईत संपली नाही, कारण फर्मवेअर ब्रॉडकॉमच्या मालकीचं, ते वाटायची परवानगी नाही. म्हणून प्रत्येकाने आपापल्या मशीनवर कंपनीच्या ड्रायव्हरच्या फाइलमधून एका कात्रीसारख्या प्रोग्रामने, त्याचं नावच फर्मवेअर कटर, तो तुकडा कापून घ्यायचा. आणि त्यासाठी नेट लागायचं! लॅनची वायर असेल तर ठीक, नाहीतर पेन ड्राइव्ह घेऊन सायबर कॅफे. सप्टेंबर २०१० मध्ये ब्रॉडकॉमने अखेर उघडा ड्रायव्हर दिला पण तो नव्या चिपांसाठी, जुन्या तशाच लटकत राहिल्या. कंपनीचा 'डब्ल्यूएल' हा बंद ड्रायव्हरही आहे, तो दर कर्नलसाठी नव्याने जुळवावा लागतो, त्यामुळे कर्नल अपडेट झाला की वायफाय गेलं हा अनुभव तिथला. सिक्युअर बूट, म्हणजे मशीन सुरू होताना फक्त सही असलेलंच सॉफ्टवेअर चालू देणारी सोय, चालू असेल तर असा ड्रायव्हर सही केल्याशिवाय कर्नल आत घेत नाही, एरर साधा दिसतो आणि माणूस तासभर भलतीकडे शोधत राहतो.

आता परिस्थिती खूप सुधारलीये. हल्ली मुख्य अडचण कर्नल जुना असणे ही आहे. इंटेलच्या एएक्स२०० ला कर्नल ५.१ लागतो, एएक्स२१० ला ५.१०, एएमडीच्या लॅपटॉपमध्ये येणाऱ्या मीडियाटेक ७९२१ ला ५.१२. नवा लॅपटॉप आणि लिनक्स टाकायची जुनी आयएसओ फाइल, मग वायफाय दिसणार कसं. टर्मिनलवर 'आरएफकिल लिस्ट' (rfkill list) आधी बघायचं, वायफाय कोणी अडवून ठेवलंय का ते त्यात कळतं, त्यात सॉफ्ट ब्लॉक असेल तर कमांडने सुटतो, हार्ड ब्लॉक असेल तर ते बटणाचं किंवा एफएन कीचं काम, तिथे कमांडचा काही उपयोग नाही. मग 'डीमेसेज'मध्ये (dmesg), म्हणजे कर्नलच्या नोंदींमध्ये, फर्मवेअर सापडलं नाही अशी ओळ आहे का ते.

रिअलटेकच्या ८७२३बीई कार्डाची एक खोड सांगण्यासारखी आहे. कार्डावर अँटेनाच्या दोन खुंट्या, पण स्वस्त लॅपटॉपमध्ये कंपनी एकच वायर जोडते, आणि लिनक्सचा ड्रायव्हर नेमकी रिकामी खुंटी वापरतो. राउटरच्या शेजारी बसलं तर चालतं, दुसऱ्या खोलीत गेलं की गेलं. ड्रायव्हरला 'अँट सेल' (ant_sel) हा पर्याय १ किंवा २ करून द्यायचा, झटक्यात सगळ्या दांड्या भरतात.

बिघाड सॉफ्टवेअरचा नसतो तेव्हा

अँटेना कार्डावर नसतो, तो स्क्रीनच्या कडेला असतो आणि तिथून दोन बारीक वायरी, बहुतेक एक काळी एक पांढरी, बिजागरीतून खाली कार्डापर्यंत येतात. बिजागरी कडक झाली, तुटली, की उघड-मीट करताना ती वायर चेपते. माझ्या एका लॅपटॉपची बिजागरी दुरुस्त करून आणली आणि घरी आल्यावर वायफायची एकच दांडी, दोन दिवस मी ड्रायव्हर बदलत बसलो, शेवटी खालचं झाकण उघडलं तर काळी वायर खुंटीवर लावायचीच राहिलेली. तेव्हापासून दुरुस्तीनंतर सिग्नल कमी झाला की मी आधी स्क्रू ड्रायव्हर शोधतो.

कार्ड बदलणं फार खर्चिक नाही, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन मिळतं, पण घ्यायच्या आधी दोन गोष्टी. जुन्या काही थिंकपॅड आणि एचपी मशीनच्या बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या मशीनच्या मूळ प्रोग्राममध्ये, मान्य कार्डांची यादी असते, यादीबाहेरचं बसवलं की मशीन चालूच होत नाही, थिंकपॅडवर तर १८०२ नंबरचा एरर प्रसिद्धच होता. दुसरं म्हणजे इंटेलची सीएनव्हीआय कार्डं, एएक्स२०१, एएक्स२११ वगैरे. यांचा अर्धा मेंदू प्रोसेसरच्या बाजूला असतो, त्यामुळे एएमडीच्या किंवा जुन्या लॅपटॉपमध्ये ती खाचेत बसतात व्यवस्थित पण चालत नाहीत. तिथे एएक्स२०० किंवा एएक्स२१० घ्यायचं.

आणि काही वेळा कार्ड, ड्रायव्हर, वायर सगळं ठणठणीत असतं. भारतात २.४ गिगाहर्ट्झवर १३ चॅनल चालतात, अमेरिकेत ११. न्यू जर्सीहून भावाने आणलेल्या लॅपटॉपला घरचा राउटर दिसत नसेल आणि राउटर १२ किंवा १३ वर बसला असेल तर कारण हेच, राउटर ६ वर आणा. स्वस्त मशीनमध्ये फक्त २.४ वालं कार्ड असतं, त्याला ५ गिगाहर्ट्झचं नाव कधीच दिसणार नाही. नवा वायफाय ६ चा राउटर आणला आणि इंटेलच्या जुन्या कार्डाला तो दिसेनासा झाला तर मात्र ड्रायव्हर खरोखरच नवा लागतो, किंवा राउटरमधला एएक्स मोड, म्हणजे वायफाय ६, बंद करावा लागतो. यूएसबी ३ ची हार्ड डिस्क लावली की वायफाय मंदावतं हा भासही नाही, त्या केबलचा गोंगाट २.४ वरच पडतो, इंटेलने २०१२ मध्येच यावर लेख काढला होता. आयपी पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर जोडणी झालीये पण राउटरने पत्ता दिला नाही.

काहीच जमलं नाही तर नखाएवढा यूएसबी डोंगल लावून लोक वर्षानुवर्षं काम चालवतात. त्यातले काही डोंगल पहिल्यांदा लावल्यावर वायफाय न दिसता सीडी ड्राइव्ह म्हणून दिसतात, घाबरायचं नाही, ड्रायव्हर त्याच्याच आत ठेवलेला असतो, तो विंडोजवर टाकला की सीडी गायब होते आणि वायफाय येतं. लिनक्सवर तेच काम 'यूएसबी मोडस्विच' करतं.