पोलीस श्वानाची हत्या व शिक्षेचे प्रमाण

पोलीस दलाच्या सेवेतील श्वानाला हेतुपुरस्सर ठार मारणे किंवा जबर जखमी करणे हा काही देशांच्या फौजदारी कायद्यांत स्वतंत्र अपराध आहे. या अपराधाची शिक्षा आणि माणसाचा जीव घेण्याच्या निरनिराळ्या प्रकारांना ठेवलेल्या शिक्षा यांचे परस्परांशी प्रमाण कितपत न्याय्य आहे, हा दंडशास्त्रातील एक वादविषय. अमेरिका, कॅनडा व ब्रिटन येथे २००० नंतर झालेल्या कायद्यांमुळे तो पुढे आला; त्याचे मूळ मात्र बरेच जुने आहे.

इंग्लंडच्या रूढिसिद्ध कायद्यात (कॉमन लॉमध्ये) कुत्र्याचे स्थान चमत्कारिक होते. गाय, घोडा किंवा मेंढी पळवणे ही चोरी; कुत्रा पळवणे ही चोरी नव्हे, कारण कुत्रा ‘हीन प्रकृती’चा प्राणी गणला जाई. मालकाला दिवाणी दावा लावून भरपाई मागता येई, इतकेच. या नियमाच्या उगमाबद्दल दोन मते आढळतात. एका मताप्रमाणे, ज्याचे मांस खाल्ले जात नाही अशा प्राण्याला कायद्याच्या लेखी मोल नसे. परंतु शिकवलेला शिकारी ससाणाही कोणी खात नसे, तरी तो पळवणे हा गुन्हा होता. तेव्हा निकष उपयोगाचा नसून प्रतिष्ठेचा असावा असे दिसते. दुसरे मत एडवर्ड कोक (१५५२–१६३४) या न्यायपंडिताच्या विवेचनावर आधारलेले आहे : मोठ्या चोरीला त्या काळी देहान्ताची शिक्षा होती, आणि अशा प्राण्यापायी माणसाने फासावर जावे हे उचित नव्हे. हे स्पष्टीकरण नियम रूढ झाल्यावर मागाहून जोडलेले असण्याचा संभव आहे. तरीही प्रस्तुत नोंदीच्या दृष्टीने तेच अधिक मोलाचे, कारण कुत्रा आणि माणूस यांना शिक्षेच्या एकाच तराजूत घालण्याचा तो एक जुना उल्लेख होय. १७७० मध्ये ब्रिटिश संसदेने कुत्र्याच्या चोरीसाठी वेगळा कायदा केला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तर १८९७ मध्येही, न्यू ऑर्लिन्स येथे रेल्वेखाली मेलेल्या एका न्यूफाउंडलंड कुत्रीच्या दाव्यात, कुत्रा ही अपूर्ण स्वरूपाची मालमत्ता आहे असे ठरवले.

गुराढोरांची गोष्ट निराळी होती. १७२३ च्या ‘ब्लॅक ॲक्ट’नुसार दुष्टबुद्धीने गुरे मारणाऱ्याला फाशी होऊ शके. १८६० च्या भारतीय दंड संहितेत हीच उतरंड सौम्य रूपात उतरली. प्राणी मारणे हा तेथे ‘आगळीक’ या सदरात, म्हणजे मालमत्तेच्या नुकसानीत मोडे. हत्ती, उंट, घोडा, म्हैस, गाय, बैल यांसाठी किंमत न पाहता कमाल ५ वर्षे कारावास होता (कलम ४२९). अन्य प्राणी पन्नास रुपये वा अधिक किंमतीचा असल्यासच ही शिक्षा लागू होई. याच संहितेत हयगयीने मृत्यू घडवल्यास कमाल शिक्षा २ वर्षे होती (कलम ३०४-अ). पन्नास रुपयांच्या कुत्र्याला ५ वर्षे आणि माणसाला २ वर्षे, ही विसंगती दीडशे वर्षे पुस्तकात होती. ती विसंगती वाटते, परंतु एका बाजूस जाणूनबुजून केलेले कृत्य व दुसऱ्या बाजूस बेपर्वाई आहे, हे विसरून चालत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत किंमतीची अट गेली (कलम ३२५) आणि हयगयीच्या मृत्यूची सर्वसाधारण कमाल मर्यादाही ५ वर्षे झाली (कलम १०६). पोलीस श्वानासाठी वेगळे कलम नाही.

पोलीस श्वान ही संस्था त्या मानाने अर्वाचीन आहे. १८८८ मध्ये लंडन पोलिसांनी ‘जॅक द रिपर’च्या तपासाच्या वेळी बार्नबी व बर्गो या दोन ब्लडहाउंडांची चाचणी घेतली होती, पण पद्धतशीर श्वान पथकाचा आरंभ सामान्यतः बेल्जियममधील गेंट शहरी १८९९ मध्ये झाला असे मानतात. पथकातला श्वान कायद्याला पेचात टाकतो. तो सरकारी मालमत्ता आहे, वेदना जाणणारा जीव आहे आणि हस्तकाच्या (हँडलरच्या) आज्ञेने बळ वापरणारे साधनही आहे. शिक्षा यांपैकी कशाबद्दल द्यायची, यावर पुढचे सारे अवलंबून राहते. त्याला बिल्ला देतात, काही ठिकाणी शपथविधीही होतो. परंतु हे सारे समारंभापुरते. पोलीस श्वानाला मारणे म्हणजे पोलिसाचा खून, ही लोकसमजूत चुकीची आहे.

अमेरिकेत २००० च्या संघीय कायद्याने केंद्रीय यंत्रणांच्या श्वानांना व घोड्यांना संरक्षण दिले. साध्या इजेला १ वर्षापर्यंत आणि गंभीर इजा वा मृत्यू यांना १० वर्षांपर्यंत कारावास अशी त्याची रचना आहे. राज्यांचे कायदे स्वतंत्र आहेत, आणि ते बहुधा एखाद्या विशिष्ट श्वानाच्या मृत्यूनंतर कडक झाले. जानेवारी २०१४ मध्ये पिट्सबर्ग येथे रोको नावाचा जर्मन शेफर्ड सुऱ्याच्या वारांनी मेला. त्याच वर्षी पेनसिल्व्हेनियाने हा अपराध द्वितीय श्रेणीच्या महापराधात (फेलनीत) नेला. कमाल शिक्षा १० वर्षे झाली. कॅनडात एडमंटन पोलिसांचा क्वांटो २०१३ मध्ये मारला गेला आणि २०१५ मध्ये त्याच्या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला. कमाल शिक्षा ५ वर्षे, गंभीर अपराध म्हणून खटला चालल्यास व श्वान कामगिरीवर असताना मेल्यास किमान ६ महिने, आणि ही शिक्षा त्याच प्रसंगातील अन्य शिक्षांच्या पाठोपाठ भोगावयाची, अशी तरतूद त्यात आहे.

इंग्लंडचे उदाहरण तांत्रिकदृष्ट्या सर्वांत बोधक आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये स्टीव्हनेज येथे फिन हा श्वान आपल्या हस्तकाच्या आड आला व शिकारीच्या सुऱ्याने छातीत भोसकला गेला. तो वाचला. हस्तकाच्या जखमेसाठी शारीरिक इजेचा आणि फिनसाठी मालमत्तेच्या नुकसानीचा आरोप ठेवण्यात आला. हे नाव लोकांना झोंबले. व्यवहारातली अडचण आणखी वेगळी होती : १९७१ च्या कायद्यानुसार मालमत्तेच्या नुकसानीला कमाल १० वर्षे असली, तरी नुकसान ५,००० पौंडांहून कमी असल्यास प्रकरण कनिष्ठ न्यायालयातच चालते व मर्यादा ३ महिन्यांवर येते. फिन तेव्हा सात वर्षांचा, निवृत्तीला आलेला. वापरलेल्या यंत्राप्रमाणे घसारा धरला तर अनुभवी श्वानाची किंमत दर वर्षी घटतच जाणार. २०१९ च्या ‘फिन्स लॉ’ने शिक्षा वाढवली नाही, प्राण्याला अनावश्यक वेदना दिल्या काय हे ठरवताना, आरोपी स्वतःचे वा अन्य कोणाचे रक्षण करीत होता हा मुद्दा सेवेतील श्वानाच्या बाबतीत विचारात घ्यायचा नाही, एवढाच बदल केला. प्राणिक्रौर्याची कमाल शिक्षा ६ महिन्यांवरून ५ वर्षांवर गेली ती २०२१ च्या वेगळ्या कायद्याने, आणि सर्वच प्राण्यांसाठी. कागदोपत्री पाहता फिनच्या नावाने चाललेल्या मोहिमेने दहा वर्षांच्या कलमाऐवजी पाच वर्षांचे कलम मिळवले, ही मौज टीकाकारांच्या सहसा ध्यानात येत नाही.

आता तुलना. पेनसिल्व्हेनियात अनवधानाने, म्हणजे ढोबळ बेपर्वाईने केलेल्या मनुष्यवधाला सर्वसाधारणपणे कमाल ५ वर्षे आहेत, म्हणजे पोलीस श्वानाच्या निम्मी. फ्लॉरिडात २०१९ च्या दुरुस्तीने श्वानहत्येची मर्यादा ५ वरून १५ वर्षे झाली. तेथील साध्या मनुष्यवधाचीही तेवढीच आहे. इंग्लंडमध्ये बेसावध वाहन चालवून मृत्यू घडवल्यास कमाल ५ वर्षे, प्राणिक्रौर्यालाही ५. मात्र खुनाशी तुलना केली की चित्र पालटते. त्याला या सर्व ठिकाणी जन्मठेपेपर्यंत, फ्लॉरिडा व पेनसिल्व्हेनियात मृत्युदंडापर्यंत शिक्षा आहे. म्हणून तुलना करताना मनोभूमिका समान धरावी लागते, हेतूशी हेतू आणि हयगयीशी हयगय. तशी ती केल्यास माणसाचा जीव कुठेच स्वस्त ठरत नाही. तरीही आक्षेप पूर्ण निकालात निघत नाही. अँड्र्यू व्हॉन हर्श या दंडशास्त्रज्ञाने शिक्षांच्या परस्पर क्रमाला महत्त्व दिले आहे. त्या दृष्टीने पाहता, विधिमंडळ एकेका श्वानासाठी एकच पायरी उचलते आणि शिडीच्या बाकीच्या पायऱ्या जागच्या जागी राहतात. पेनसिल्व्हेनियाची विसंगती याच रीतीने उपजलेली दिसते.

गाजलेल्या आकड्यांबाबत सावधगिरी हवी. २०१४ मध्ये फ्लॉरिडात एका निवृत्त श्वानाला घरफोडीच्या वेळी गोळ्या घालणाऱ्या, घटनेच्या वेळी अल्पवयीन असलेल्या मुलाला २३ वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा ‘कुत्र्यासाठी २३ वर्षे’ असा गवगवा झाला. त्या राज्यात घरफोडी करताना गोळी झाडल्यास २० वर्षांची किमान शिक्षा बंधनकारक असते. आकड्याचा मोठा भाग तिथला आहे. घरात कोणताही प्राणी नसता तरी तो फारसा घटला नसता. हा वाद श्वानाच्या मोलापेक्षा किमान शिक्षांच्या कायद्याविषयी अधिक आहे. अमेरिकेचे सर्वोच्च न्यायालय कारावासाची मुदत घोर विषम असल्याखेरीज हात घालत नाही. तीन गोल्फ काठ्यांच्या चोरीत सराईत गुन्हेगाराला झालेली २५ वर्षे ते जन्मठेप ही शिक्षा त्याने २००३ मध्ये कायम ठेवली.

तात्त्विक बाजूने चेझारे बेकारिया (१७३८–१७९४) याने शिक्षेचे माप समाजाला झालेली हानी हे मानले. त्या मापाने पोलीस श्वान घरच्या कुत्र्याहून निराळा ठरू शकतो, कारण त्याच्यावरील हल्ला हा कायद्याच्या अंमलबजावणीवरचाही हल्ला असतो. जेरेमी बेंथॅम याने वेदनाक्षमता पुढे केली. त्या मापाने दोन्ही कुत्रे सारखेच. इमॅन्युएल कांट आपल्या व्याख्यानांत नेमके सेवानिवृत्त कुत्र्याचेच उदाहरण घेतो : निष्ठेने चाकरी केलेल्या कुत्र्याला, आता तो निरुपयोगी म्हणून, मालकाने गोळी घातली, तर कुत्र्याप्रती कर्तव्यभंग होत नाही, पण मालक स्वतःतील माणुसकी बोथट करतो.

समानतेचा आणखी एक आक्षेप श्वानाच्या दातांकडून येतो. फर्ग्युसन (मिसुरी) पोलिसांविषयी अमेरिकी न्याय विभागाने २०१५ मध्ये दिलेल्या अहवालात, जखमींच्या वंशाची माहिती उपलब्ध असलेल्या श्वानदंशाच्या प्रत्येक प्रसंगात चावा घेतला गेलेली व्यक्ती कृष्णवर्णीय होती, असे नोंदले आहे. चावा घेणाऱ्या श्वानाला झटकताना झालेली इजा अपराध ठरावी काय, हा प्रश्न त्यातून निघतो. ‘दुष्टबुद्धीने’ हा शब्द असलेल्या कायद्यांत त्याला काही उत्तर आहे, इंग्लंडच्या २०१९ च्या शब्दरचनेत ते अधिक अवघड आहे. उलट बाजूने, पोलिसांनी नागरिकांचे कुत्रे मारल्यास अमेरिकेत ती प्रथमतः मालमत्तेची जप्ती समजली जाते. नवव्या विभागाच्या संघीय अपील न्यायालयाने १९९४ मध्ये तसा निर्णय दिला आणि इतर विभागांनीही हा मार्ग स्वीकारला.