बशी आधी पालथी घाला

जुनी जपानी बशी हाती आली की आधी ती अलगद पालथी घालावी. वरची फुलं-पाखरं कुणीही हुबेहूब काढू शकतो. भट्टीत काय घडलं ते बुडाला दिसतं.

बुडावर तीन-चार बारीक, खरखरीत ठिपके दिसले की मला फार आनंद होतो. साधारण १३०० अंश सेल्सिअसला चिनी मातीतले काही घटक वितळून त्यांची काच होऊ लागते. तेवढा वेळ सगळं भांडं नरम असतं आणि रुंद बशीचा मधला भाग स्वतःच्याच वजनानं खाली बसतो. म्हणून क्यूशू बेटावरच्या आरिताचे कुंभार बुडाखाली मातीचे छोटे सुळके टेकू म्हणून लावत. भाजून झाल्यावर ते ठोकून काढले, तरी त्यांचे वण राहत. चिनी बश्यांवर असे वण क्वचितच सापडतात. लहान वाट्यांवरही नसतात, कारण त्यांना टेकूची गरजच नव्हती.

बुडावरच्या अक्षरांवर मात्र भिस्त ठेवू नये. आरिताच्या कितीतरी भांड्यांवर ‘महान मिंग, छंगहुआ काळात घडवलेले’ असा चिनी मजकूर असतो. चीनच्या मिंग घराण्यातल्या छंगहुआ सम्राटाची कारकीर्द १४८७ मध्ये संपली. जपानमध्ये पोर्सेलिन, म्हणजे चिनी मातीचं भांडं, बनू लागलं ते १६१०च्या दशकात, जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या कोरियावरच्या स्वाऱ्यांनंतर तिथून आणलेल्या कुंभारांच्या हातून. म्हणजे मजकूर भांड्याहून सव्वाशे वर्षांनी तरी जुना! नावाजलेल्या चिनी कामाचा तो मान होता. रोमन लिपीत ‘निप्पॉन’ असेल, तर भांडं बहुधा १८९१ नंतरचं. तेव्हापासून अमेरिकेत येणाऱ्या मालावर देशाचं नाव सक्तीचं झालं.

आता बशी सरळ करा. निळा रंग कोबाल्टचा. तो झिलईच्या, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या थराच्या, खाली असतो, त्यामुळे बोटाला लागत नाही आणि झिजतही नाही. जुन्या कोबाल्ट-खनिजात मँगनीज आणि लोह मिसळलेलं असे, म्हणून तो निळा थोडा राखाडी, शांत दिसतो. १८७० मध्ये गॉटफ्रीड वागेनर हा जर्मन रसायनतज्ज्ञ आरिताला आला. त्यानं शुद्ध कोबाल्ट ऑक्साइड वापरायला शिकवल्यावर निळा झगझगीत झाला. एकदा नजर बसली की हा फरक लांबूनही कळतो.

लाल रंग आणि सोनं झिलईच्या वर चढवून पुन्हा कमी आचेवर भाजतात. बोट फिरवलं तर लाल किंचित उंच लागतो. जेवणाखाण्यात वापरलेल्या बशीवर तो जागोजागी झिजलेला असतो.

मला सगळ्यांत प्रिय आहे ते आरिताच्या काकिएमोन या कुंभार घराण्याचं काम. एरवी आरिताच्या पांढऱ्यात निळसर झाक असते. इथे ती जवळजवळ नसते. या उबदार पांढऱ्याला ‘निगोशिदे’ म्हणतात, आणि ते नाव आलं आहे तिथल्या बोलीतल्या तांदळाच्या धुवणावरून. फांदीवर एखादा पक्षी, कोपऱ्यात दोन फुलं. बाकी बशी कारागिरानं त्या धुवणासारख्या पांढऱ्यासाठी मोकळी सोडलेली असते.