नकाशा कोणत्या सालचा?

आत्यानं नर्मदा परिक्रमेला जायचं पक्कं केलं, तेव्हा तिच्या सामानाची यादी वहीच्या एका पानात मावली. दोन साड्या, घोंगडी, कमंडलू, औषधं, काठी. नकाशांचं काम माझ्याकडे आलं. पंधरा दिवसांनी जेवणाच्या टेबलावर मी बडवानीच्या खालच्या पट्ट्याचे तीन नकाशे शेजारी शेजारी मांडले. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या पत्रकाची प्रत, फोनमधल्या नकाशाची छापील प्रत आणि उपग्रहानं काढलेलं चित्र. तिन्हींत नर्मदा वेगळी होती. पहिल्यात डोंगरांमधून जाणारी निळी बारीक रेघ, दुसऱ्यात रुंद पट्टा आणि तिसऱ्यात हाताची बोटं पसरावीत तशा दोन्ही बाजूंच्या दऱ्यांत घुसलेलं पाणी.

"यातली खरी कुठली गं?" आत्यानं विचारलं.

तिन्ही खऱ्या होत्या, फक्त प्रत्येक नकाशानं नदी वेगवेगळ्या साली पाहिली होती. परिक्रमेचे नकाशे जमवताना मला सर्वांत उपयोगी पडलेला प्रश्न हाच: नकाशा कोणत्या सालचा?

तसं पाहिलं तर या वाटेला नकाशा लागूच नये. अमरकंटकपासून खंबातच्या आखातापर्यंत १३१२ किलोमीटर वाहणारी मैया कायम उजव्या हाताला ठेवायची आणि ती कुठेही ओलांडायची नाही, एवढाच नियम. दक्षिण तटानं पश्चिमेला जायचं, मुखाशी समुद्रातून होडीनं पलीकडे जायचं आणि उत्तर तटानं पूर्वेला परतायचं. रानात वाट काढणारे लोक नेहमी अशीच एखादी लांबलचक खूण शोधतात. ओढा, कड्याची धार, रेल्वेचा रूळ, काहीही. जिन्याच्या कठड्यासारखा तिचा आधार घेत गेलं की चुकायला जागाच उरत नाही. ज्यांनी हा नियम घालून दिला, त्यांनी माणसाला भारतातला सर्वांत लांब कठडा दिला होता, असं मला मनापासून वाटतं.

पण आता हा कठडा जागचा हलला आहे. बरगी, इंदिरा सागर, ओंकारेश्वर आणि सरदार सरोवर या धरणांमागे पाणी साठलं, आणि नदीला येऊन मिळणारा प्रत्येक नाला उलटा भरत गेला. पूर्वी जो नाला चार दगडांवरून उड्या मारून ओलांडता यायचा, तिथे आता पाण्याचा फाटा आत शिरलेला आहे. पलीकडचा काठ समोर दिसतो, पण तिथे पोचायला फाट्याच्या शेंड्यापर्यंत जाऊन वळसा घ्यावा लागतो. अक्कलकुवा तालुक्यातल्या मणिबेलीचं जुनं शूलपाणेश्वराचं मंदिर सरदार सरोवरात गेलं आणि देवाची नवी जागा गुजरातेत गोऱ्याला झाली. जुन्या पत्रकावर मंदिराची खूण अजून तिथेच आहे.

परिक्रमा किती किलोमीटरची, या प्रश्नाला एकच उत्तर का मिळत नाही, तेही इथे कळतं. कुणी २६०० सांगतं, कुणी ३६००. लुईस फ्राय रिचर्डसन या ब्रिटिश शास्त्रज्ञाला देशांच्या सीमांची लांबी तपासताना दिसलं, की स्पेन आणि पोर्तुगाल आपल्या एकाच सामाईक सीमेची लांबी वेगवेगळी सांगतात. एक ९८७ किलोमीटर, दुसरा १२१४. दोघंही खरंच बोलत होते, पण त्यांच्या मोजपट्ट्या वेगळ्या होत्या. वेड्यावाकड्या रेषेवर पट्टी जितकी लहान धराल तितके जास्त खाचखळगे मोजले जातात आणि लांबी वाढते. बेन्वा मॅन्डलब्रॉनं १९६७ साली याच विचारातून समुद्रकिनाऱ्यांच्या लांबीचा प्रश्न मांडला. नर्मदेच्या १३१२ किलोमीटरची दुप्पट केली की २६२४ होतात, पण ती झाली नदीच्या मधल्या धारेची पट्टी. माणसाचं पाऊल पाऊण मीटरचं असतं आणि ते प्रत्येक फाट्याला वळसा घालतं. म्हणून कुणी नकाशावर बोट फिरवून "रोज वीस किलोमीटर, म्हणजे इतके दिवस" असा हिशोब केला, तर जलाशयांच्या पट्ट्यात तो हमखास चुकतो.

आता सालाकडे येते. फोनमधल्या बऱ्याच नकाशांत डोंगरउताराच्या ज्या समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, दिसतात, त्यांचं मूळ फेब्रुवारी २००० मधल्या एका अंतराळ मोहिमेत आहे. एन्डेव्हर या यानानं अकरा दिवसांत रडारनं पृथ्वीच्या बहुतेक जमिनीची उंची मोजली. ही माहिती पुढे सगळ्यांना मोफत मिळाली आणि आजही जगभर वापरली जाते. त्या फेब्रुवारीत सरदार सरोवराची भिंत बरीच ठेंगणी होती. तिची पूर्ण जलपातळी १३८.६८ मीटर आहे आणि पाणी तिथवर पहिल्यांदा पोचलं २०१९ च्या सप्टेंबरात. इंदिरा सागराचं पाणी तर तेव्हा साठलंच नव्हतं, त्यासाठी हरसूद हे गाव २००४ साली उठवावं लागलं. म्हणजे रडारनं आज बुडालेली कितीतरी जमीन कोरडी असताना मोजून ठेवली. फोनवर एखादा छान सपाट, नदीकाठचा, चालायला सोपा पट्टा दिसतो, आणि प्रत्यक्षात त्यावर कित्येक मीटर पाणी असतं.

हीच जुनी उंची उलट्या बाजूनं वापरली की उपयोगाची ठरते, हे कळलं तेव्हा मला फार आनंद झाला. पाणी एका पातळीत पसरतं, त्यामुळे भरलेल्या जलाशयाचा काठ म्हणजे साधारण एक समोच्च रेषाच असते. सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० पत्रकावर, जिथे २ सेंटिमीटर म्हणजे १ किलोमीटर, या रेषा सहसा २० मीटरच्या अंतरानं असतात. १००, १२०, १४०. सरदार सरोवराची पातळी १३८.६८. म्हणजे १४० ची रेषा पाण्याच्या काठापासून उंचीनं जेमतेम सव्वा मीटर वर आली, आणि शूलपाणीच्या झाडीतल्या उभ्या उतारांवर सव्वा मीटर म्हणजे दोन-चार पावलं. मी निळी पेन्सिल घेऊन १४० ची रेषा गिरवत गेले. तासाभरात जुन्या पत्रकावर नवा जलाशय उमटला, आणि तो उपग्रहाच्या चित्राशी जुळत होता. नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणी आणि अक्कलकुवा भागातले फाटे एकेक करून मोजता येऊ लागले. (पुराच्या दिवसांत धरणापासून वरच्या अंगाला पाणी याहून चढू शकतं, हे मात्र ध्यानात ठेवायचं.)

इंदिरा सागराला ही युक्ती लागू पडत नाही. त्याची पूर्ण पातळी २६२.१३ मीटर. २६० ची रेषा पाण्याखाली आणि २८० ची खूप वर. शिवाय तिथली जमीन पसरट आहे. पाणी एक मीटर उतरलं तर काठ शेकडो मीटर मागे हटू शकतो आणि मध्ये चिखल उघडा पडतो. तिथे ताजं उपग्रहचित्रच हवं. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रं मोफत मिळतात. त्यांतला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे १० मीटर. या उपग्रहांना डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाशही टिपता येतो. पाणी तो जवळजवळ सगळा शोषून घेतं आणि हिरवी झाडं तो भरपूर परत फेकतात. म्हणून त्या चित्रात काठ काळ्या कात्रीनं कापल्यासारखा दिसतो. चित्र कार्तिकातलं घ्यायचं की चैत्रातलं, हे चालणारा तिथे कधी पोचणार त्यावरून ठरवायचं. पावसाळ्यानंतर भरलेला जलाशय उन्हाळ्यात पार आकसलेला असतो.

सर्वेक्षण विभागाची पत्रकं एके काळी मिळवायला फार खटपट पडायची. १७६७ साली स्थापन झालेल्या या विभागानं २०१७ पासून खुल्या मालिकेतली पत्रकं संकेतस्थळावरून मोफत उतरवून घ्यायची सोय केली. पण जुन्या पत्रकाची झेरॉक्स हातात असेल तर एक धोका आहे. त्यावरचे अक्षांश-रेखांश जॉर्ज एव्हरेस्ट या ब्रिटिश सर्वेक्षकानं एकोणिसाव्या शतकात ठरवलेल्या पृथ्वीच्या आकारावरून काढलेले आहेत, आणि फोन वेगळा, जागतिक आकार धरतो. फोनमधले आकडे तसेच त्या पत्रकावर मांडले तर जागा मध्य भारतात शंभर मीटरहून जास्त सरकते. झाडीत तेवढ्यात वाट नाल्याच्या या बाजूची त्या बाजूला जाते.

उंचीचंही तसंच. उपग्रहांवरून मिळणारी उंची ही पृथ्वीच्या गुळगुळीत, गणिती आकारापासूनची असते, समुद्रसपाटीपासूनची नसते. भारताच्या आसपास खरी समुद्रसपाटी त्या गणिती आकाराच्या बरीच खाली आहे, नर्मदेच्या मुखाजवळ पन्नास-साठ मीटर. चांगलं अॅप हा फरक दुरुस्त करून दाखवतं. काही करत नाहीत, आणि मग भरूचच्या घाटावर उभं राहून फोन आपल्याला समुद्राच्या खाली दाखवतो. अशा फोनवर १४० मीटरची रेषा शोधायला जाऊ नये.

रस्ता सुचवणाऱ्या अॅपबद्दल मात्र आत्याला मी वेगळं बजावलं. दोन ठिकाणांमधली सर्वांत जवळची वाट शोधायची रीत एड्सखर डाइकस्ट्रा या डच गणितज्ञानं १९५६ मध्ये मांडली आणि आजची अॅप्स तिच्याच वाढवलेल्या रूपांवर चालतात. त्यांना अंतर कळतं, वेळ कळतो, पण व्रत कळत नाही. वाटेत पूल आला आणि पलीकडून चार किलोमीटर वाचत असतील, तर अॅप निःशंकपणे मैया ओलांडायला सांगतं. ओंकारेश्वरला तर हमखास. ज्योतिर्लिंग मांधाता बेटावर आहे, म्हणून परिक्रमावासी दक्षिण तटावरच्या ममलेश्वराचं दर्शन घेतात आणि पुलावर पाऊल ठेवत नाहीत. अॅपला "ओंकारेश्वर" एवढंच सांगितलं तर ते झुलत्या पुलावर नेऊन सोडेल. यावर उपाय साधा आहे. लांबचं ठिकाण द्यायचंच नाही. पाच-सात किलोमीटरवरचं, त्याच तटावरचं गाव द्यायचं आणि वाट दिसली की ती नदीची निळी रेघ कुठे छेदते का, ते आधी पाहायचं. उपनद्या ओलांडायला हरकत नसते, म्हणून छेदलेल्या रेघेचं नावही वाचायचं.

रेंज नसेल तर फोन नकाशावर जागा दाखवत नाही, असं अनेकांना वाटतं. जागा ठरते ती सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून येणाऱ्या उपग्रहांच्या वेळेच्या खुणांवरून, आणि त्याला मोबाइलचा मनोरा लागत नाही. किमान चार उपग्रह दिसले की झालं. रेंज असली तर उपग्रह कुठे आहेत ही माहिती इंटरनेटवरून पटकन येते. नसली तर ती उपग्रहाकडूनच सावकाश उतरते आणि कधी कधी काही मिनिटं मोकळ्या आकाशाखाली थांबावं लागतं. म्हणून नकाशे घरूनच उतरवून घ्यायचे आणि झाडीत फोन विमान मोडवर ठेवायचा. मनोरा शोधत राहण्यातच बॅटरी जास्त जाते.

फोन बंदच पडला तर? आत्याला मी सूर्य शिकवला. नर्मदा सगळी कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आणि बहुतेक पूर्व-पश्चिम. त्यामुळे हिवाळ्यात माध्यान्हीचा सूर्य कायम दक्षिणेला असतो. दक्षिण तटानं जाताना मैया उजवीकडे आणि दुपारचा सूर्य डावीकडे. उत्तर तटानं परतताना दोघंही उजवीकडे. वही-पेन लागत नाही. मात्र माध्यान्ह म्हणजे घड्याळातले बारा नव्हेत. अमरकंटक आणि मुख यांच्यात जवळपास ९ अंश रेखांशाचं अंतर आहे, अंशाला ४ मिनिटं, म्हणजे ३६ मिनिटं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला अमरकंटकला सावली सर्वांत आखूड होते ती पावणेबाराच्या सुमारास, मुखाजवळ बारा वीसनंतर. "म्हणजे सावली आखूड झाली की उत्तर दिसते," आत्या म्हणाली, "घड्याळ कशाला?" तिचं बरोबर होतं.

मुखाशी विमलेश्वरहून मिठी तलाईकडे होडी जाते, आणि तिथे वेळापत्रक चंद्र ठरवतो. खंबातच्या आखातात उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरच्या घरात जातो. भरती रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून होडी सुटायची वेळही सरकते. कोकणात तिथीला पाऊणनं गुणून भरतीची वेळ काढतात, चतुर्थीला तीन वाजता. ते गणित मुंबईच्या आसपासचं. आखातात पाणी आत शिरायला वेळ लागतो, म्हणून तिथे नावाड्यालाच विचारायचं. पण आज सकाळी सातला सुटली तर उद्या आठच्या सुमारास, एवढा अंदाज पंचांगावरूनही येतो.

आत्या कार्तिकात निघाली. ओपनस्ट्रीटमॅप हा २००४ पासून लोकांनीच भरत आणलेला नकाशा आहे. त्यात कुणीही आश्रम, पायवाट, पाण्याचा हातपंप टिपू शकतं, आणि ऑर्गॅनिक मॅप्ससारखी अॅप्स तोच नकाशा रेंजशिवाय दाखवतात. तिच्या फोनवर तो घालून दिला होता. रोज संध्याकाळी मुक्कामाला आसन लावलं की ती गावातल्या कुणाला तरी विचारते, पुढे पाणी कुठवर आलंय. रेंज मिळेल तेव्हा मला कळवते. परवा रात्री आलेल्या निरोपात अक्षांश-रेखांश होते आणि खाली तीन ओळी: "नाल्याची वाट पाण्यात गेली. वरच्या पाड्यावरून आले, दीड तास जास्त. नकाशात घाल आणि तारीख लिही."