शेतमजूर टोळी आणि कामातील सुरक्षितता (सोलापूर जिल्हा)

सोलापूर जिल्ह्याच्या बागायती पट्ट्यात शेतमजुरीची बरीच कामे टोळीने होतात. कामातल्या धोक्यांबाबत मजुरांची एकजूट होते तीही बहुधा या टोळीतच. सोलापूर शहरात गिरणी आणि विडी कामगारांच्या युनियनची जुनी परंपरा आहे. कुंभारीची विडी कामगार वसाहत ही त्यातूनच उभी राहिली. शेतमजुराचा मालक मात्र चार दिवसांनी बदलतो, म्हणून कारखान्याच्या दारातली युनियन बांधावर तशीच उतरत नाही.

धोका पिकागणिक वेगळा. द्राक्षबागेत ऑक्टोबर छाटणीनंतर काडीवरचे डोळे (कोंब) एकसारखे फुटावेत म्हणून तिला हायड्रोजन सायनामाइड या रसायनाची ‘पेस्ट’ लावतात. ते अंगावर सांडले तर कातडी भाजते, डोळ्यांना इजा होते. त्याहून कमी माहीत असलेली गोष्ट म्हणजे या कामाच्या आगेमागे दारू घेतली तर चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात. ‘पेस्टच्या दिवसांत दारू नको’ ही ताकीद रसायनशास्त्राची आहे, व्यसनमुक्तीची नव्हे, आणि ती तशीच सांगितली तर ऐकली जाण्याची शक्यता जास्त. सांगोला-मंगळवेढ्याच्या डाळिंबात तेल्या या जिवाणूजन्य रोगामुळे फवारण्या वाढतात. तिथे औषधाच्या डब्यावरचा रंगीत त्रिकोण ओळखणे हा पहिला धडा: लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. अक्षरओळख नसलेल्यालाही तो वाचता येतो.

मालकाशी बोलण्याची टोळीची खरी ताकद हंगामात असते. छाटणी किंवा घडांची विरळणी चार दिवस लांबली तर नुकसान बागायतदाराचे. त्यामुळे काम ठरवतानाच अटी घालता येतात: फवारलेल्या बागेत त्याच दिवशी शिरणार नाही, हातमोजे मालकाने द्यायचे, प्यायला पाणी हवे, टेम्पोत माणसे कोंबायची नाहीत. अडचण उक्त्या कामात, म्हणजे रोजाऐवजी कामावर पैसे ठरतात तिथे, येते. तिथे वेग म्हणजेच पैसा. मोज्याने बोटे मंदावतात, मग मजूरच ते काढून ठेवतो. ऊसतोडीत तर टोळी आणणाऱ्या मुकादमाची उचल (आगाऊ रक्कम) आधीच घेतलेली असते, मग अट घालणार कोण?

सरकारी मदतीची मोठी फट जमिनीच्या नोंदीत आहे. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत कीटकनाशकाची विषबाधा, सर्पदंश, विजेचा धक्का हे सगळे येते आणि मृत्यूनंतर वारसाला 2 लाख रुपये मिळतात. पण लाभ वहितीधारक खातेदार, म्हणजे ज्याच्या नावावर शेतजमीन आहे तो, आणि त्याच्या कुटुंबातील एका सदस्यालाच. दुसऱ्याच्या बागेत फवारणीचा पंप पाठीवर घेणाऱ्या भूमिहीनाकडे सात-बारा नसतो.