तापेल तसा कणखर होणारा धातू

वखराची पास पाजवायला गावच्या लोहाराकडे नेली, की भात्यापुढे ती लालबुंद झाल्याशिवाय तो घणाला हात लावत नाही. थंड लोखंड ठोकत राहिले तर ते घावागणिक हट्टी होत जाऊन शेवटी तडकते, हे त्याला पक्के ठाऊक असते. भंडाऱ्याकडचे पितळेचे कारागीरही पत्रा मधूनमधून तापवून नरम करून घेतात. मात्र ‘तापवले की धातू मऊ’ हा अनुभव आहे, नियम नव्हे. निकेलचे तीन आणि ॲल्युमिनिअमचा एक अणू या प्रमाणात बनलेले संयुग सुमारे 700 अंश सेल्सिअसपर्यंत तापेल तसे अधिकच बळकट होते.

धातू म्हणजे अणू शिस्तीत रचलेला स्फटिक; तो वाकतो तेव्हा अणूंचे थर एकदम सरकत नाहीत. खळ्यावर अंथरलेली जड ताडपत्री हातभर सरकवायची तर आपण तिच्यात वळी पाडून ती पलीकडे ढकलत नेतो. स्फटिकातली अशी वळी म्हणजे ‘स्थानभ्रंश’. ही कल्पना 1934 मध्ये टेलर, ओरोवान आणि पोलान्यी या शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे मांडली. ठोकताना वळ्या वाढतात, एकमेकींत अडकतात आणि धातू कठीण होतो. (आठवडी बाजारात काळ्या घोड्याच्या नालेची अंगठी विकणाऱ्यांनी हे ऐकावे: लोखंडात शनी अडत नाही, स्थानभ्रंश अडतात.)

निकेल-ॲल्युमिनिअमच्या या संयुगात प्रत्येक अणूची जागा ठरलेली असते. एक वळी गेली की क्रम विस्कटतो, मागून दुसरी गेली की पुन्हा जुळतो; म्हणून त्या बैलजोडीसारख्या जोडीनेच चालतात आणि दोघींमधला विस्कटलेला पट्टा हेच त्यांचे जू. हा पट्टा वळ्यांच्या सरकण्याच्या नेहमीच्या प्रतलाऐवजी अणूंच्या घनाकृती मांडणीच्या पृष्ठाशी समांतर प्रतलात असला, तर त्याला कमी ऊर्जा पडते, पण तिथे चालणे वळ्यांना फार जड जाते. उष्णतेमुळे पुढच्या वळीला नेमके तिकडे वळण्याचे बळ मिळते. ती आडव्या तासात उतरून रुतते आणि जोडी जागीच थांबते. कियर आणि विल्सडॉर्फ या संशोधकांनी 1962 मध्ये वर्णन केलेली ही कुलपे तापमानाबरोबर वाढत जातात.

तरीही नुसत्या आचेने काही होत नाही. धातूचा आकार लाखात एक भाग इतकाच बदलला असताना त्याचे बळ मोजले, तर तापमानाचा परिणाम जवळजवळ दिसत नाही. आकारातला बदल हजारात दोन भाग झाला की हा परिणाम ठळक होतो. वळ्या चालल्या तरच कुलपे लागतात. म्हणजे हाही घणाखालच्या थंड लोखंडासारखा, चालीतून येणाराच कठीणपणा आहे. हे निरखायला एकस्फटिक, म्हणजे सबंध एकाच स्फटिकाचा तुकडा घेतात, कारण अनेक कणांच्या शुद्ध तुकड्यात कणांच्या सीमाच आधी तडकतात.

आणखी तापवले की त्या आडव्या प्रतलातही वळ्या सहज चालू लागतात आणि बळ उतरते. विमानांच्या जेट इंजिनातील एकस्फटिक पात्यांमध्ये, निकेलच्या मिश्रधातूत याच संयुगाचे सूक्ष्म घन दाटीने बसवलेले असतात.